कोटितीर्थावरचा उजेड

मराठी समीक्षेला उपाध्या वाटण्याची हौस जुनीच आहे. दादोबा पांडुरंग हे मराठीचे पाणिनी, विष्णुशास्त्री चिपळूणकर हे मराठी भाषेचे शिवाजी, अशी ती परंपरा चालत आली आणि पुढे चित्रकारांपर्यंत पोहोचली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान ह्यांचा विषय निघाला, की बैठकीतला कोणीतरी 'ते म्हणजे आपले मोने' असे म्हणतोच, आणि मग मंडळी समाधानाने दुसऱ्या विषयाकडे वळतात. ह्या उपाधीत आबालालांचा मान आहे की अपमान, ह्या वादात आम्हांला शिरावयाचे नाही. आमची हरकत एवढीच, की उपाधी दिल्याबरोबर पाहण्याचे काम संपते. दोघांनी झाडे रंगविली, दोघांनी पाणी रंगविले, दोघांनाही एकाच जागेवरचा पालटता उजेड पुनःपुन्हा रंगवावासा वाटला. एवढ्या साम्यावर दोघांना एका चौकटीत ठोकून बसविले, की सेन नदीच्या खोऱ्यातला उजेड आणि करवीरचा उजेड हे मुळातच निराळे आहेत, आणि त्या निराळेपणाने दोघांची चित्रविद्याही निराळी घडविली, ही गोष्ट नजरेआड होते.

तुलना करावयाचीच तर ती नीट करावी, आणि त्यासाठी आधी मोने ह्यांच्याकडे जावे लागेल. क्लोद मोने १८८३ मध्ये जिव्हेर्नी ह्या खेड्यात राहावयास आले, १८९० मध्ये त्यांनी तेथले घर विकत घेतले, आणि १९२६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पॅरिसमधल्या ज्या १८७४ च्या प्रदर्शनामुळे दृक्प्रत्ययवाद हे नाव जन्मास आले, आणि तेही एका टीकाकाराने थट्टेने ठेवलेले, त्याचा गलबला तोवर ओसरला होता. शेजारच्या शेतातल्या उडव्या वेगवेगळ्या प्रहरी आणि वेगवेगळ्या ऋतूंत रंगवून झाल्यावर १८९१ मध्ये त्यांची दृष्टी एप्त नदीच्या काठच्या पॉप्लर वृक्षांच्या रांगेवर खिळली. ही झाडे लिमेत्झ गावाच्या मालकीची होती, आणि गावाने ती लाकडासाठी विकावयास काढली होती. मोने ह्यांनी मुदत मागितली; ती मिळाली नाही. तेव्हा त्यांनी एका लाकूडव्यापाऱ्याशी सौदा केला. लिलावात किंमत तुमच्या हिशेबापेक्षा वर गेली तर वरची रक्कम मी देतो; माझी चित्रे पुरी होईपर्यंत मात्र झाडांना कुऱ्हाड लावावयाची नाही. आमच्या बहुसंख्य वाचकांना परिचित असलेल्या भाषेत सांगावयाचे तर मोने ह्यांनी स्थगिती विकत घेतली. चित्रे पुरी झाली, आणि त्यानंतर व्यापारी आपल्या मालाचा धनी झाला.

त्या काही महिन्यांत मोने ह्यांनी ह्या रांगेची वीसहून अधिक चित्रे केली. काम चाले ते नावेत बसून. नावेत अनेक कॅनव्हास एका वेळी ठेवलेले असत, आणि उजेड पालटला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून ते त्या उजेडाचा कॅनव्हास पुढे घेत. जिव्हेर्नीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या अमेरिकन चित्रकर्त्री लिला कॅबट पेरी ह्यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे, की त्यांपैकी एका चित्राला रोज फक्त सात मिनिटे मिळत; एका विशिष्ट पानावरून ऊन हलले की त्या दिवसापुरते ते चित्र थांबे. सात मिनिटांच्या ह्या गोष्टीचे पुष्कळांना कौतुक वाटते. आम्हांला मात्र तिच्यात प्रतिभेपेक्षा शिस्त अधिक दिसते, आणि त्या शिस्तीला लागणारी एक अट दिसते. आज ज्या उजेडाला सात मिनिटे मिळाली तोच उजेड उद्या त्याच पानावर येईल, ह्याची खात्री असल्याखेरीज असा उद्योग कोणी आरंभीत नाही. म्हणजे चित्रकार उद्या तेथे असला पाहिजे, झाड उद्या तेथे असले पाहिजे, आणि ऊनही बऱ्याच अंशी कालच्यासारखे असले पाहिजे. पहिली अट मोने ह्यांनी घर घेऊन पुरी केली, दुसरी पैसे मोजून. तिसरी त्यांच्या हाती नव्हती, आणि पाऊस लागला की ते चिडत.

प्रत्यक्ष चित्रांकडे वळू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ह्या मालिकेतले 'चार झाडे' नावाचे चित्र आहे. जवळजवळ चौरस फलकावर चार खोडे वरपासून खालपर्यंत सरळ उतरतात. मध्ये काठाची आडवी रेघ येते, आणि तिच्याखाली तीच खोडे पाण्यात पुढे चालू राहतात. शेंडे चित्रात नाहीतच. झाड म्हटल्यावर आपण ज्याची अपेक्षा करतो तो पर्णसंभार येथे जवळजवळ नाकारलेला आहे. उरल्या त्या चार उभ्या रेषा, एक आडवी रेषा, आणि ह्या जाळीतून आरपार जाणारा उजेड. मालिकेतल्या दुसऱ्या काही चित्रांत हीच रांग नदीच्या वळणाबरोबर नागमोडी होत दूर जाते आणि शेंड्यांची एक लाट आकाशात उमटते. ही चित्रे आम्ही छापील पुस्तकांतूनच पाहिली आहेत, हे येथे कबूल करणे बरे. छापील रंगांवर फार विसंबून राहू नये. पण रेषांची योजना छापील चित्रातही लपत नाही.

येथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत असताना १९५६ मध्ये ह्याच दिल्लीत वारले. आदल्याच वर्षी त्यांचे 'सौंदर्य आणि साहित्य' प्रसिद्ध झाले होते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे त्यांनी मांडली, आणि कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमातील संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधावे, चित्रविषयाला चिकटलेल्या लौकिक भावनांत शोधू नये, असा आग्रह धरला. 'चार झाडे' ह्या चित्राला ही कसोटी लावून पाहावी. जणू त्यासाठीच ते काढले आहे असे वाटते. उभ्या खोडांचा परस्परांशी संवाद आहे, आडव्या काठाचा त्यांना विरोध आहे, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाने ह्या विरोधाचा तोल सावरलेला आहे. झाडे पॉप्लरची आहेत की निलगिरीची, विकली जाणार आहेत की राहणार आहेत, ह्या प्रश्नांना मर्ढेकरांच्या दरबारात प्रवेश नाही.

मर्ढेकरांबद्दल आदर बाळगूनही येथे आमची अडचण होते. लिलावाची हकीकत कळल्यानंतर ही चित्रे पूर्वीसारखी दिसत नाहीत, हा अनुभव खोटा म्हणून टाकून देणे आम्हांला जमत नाही. केवळ करुण हकीकत ऐकली म्हणून मन द्रवते, असे त्यावर कोणी म्हणेल. तेही खरे असेल. परंतु ह्या मालिकेत जी एक घाई आहे, एकाच गोष्टीकडे इतक्या बाजूंनी आणि इतक्या घडींना पाहून घेण्याची जी धडपड आहे, ती चित्रातल्या रंगांतच आहे. ती आम्ही हकीकतीवरून चित्रावर लादलेली नाही. लय आहे, आणि त्या लयीला मुदत घातलेली आहे. मुदतीची जाणीव ही लौकिक भावना म्हणावी की लयीचाच एक घटक म्हणावा, ह्याचे उत्तर मर्ढेकरांच्या ग्रंथात आम्हांला सापडले नाही. असो.

आता आबालालांकडे येऊ. कोल्हापुरातल्या ज्या मुसलमान घराण्यात त्यांचा जन्म झाला, तेथे कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करून त्यांवर वेलबुट्टी काढण्याची परंपरा होती. वडील फारसी-अरबी जाणणारे. १८८० नंतरच्या दशकात आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. ग्रिफिथ्स ह्यांच्या अमदानीतली ही शाळा. पुतळ्यांवरून रेखाटन, छायाप्रकाशाचा काटेकोर अभ्यास आणि यथार्थदर्शन हे तिचे धडे. आबालालांनी ते असे गिरविले, की त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. पदक मिळविलेल्या तरुणाने मुंबईत राहावे, संस्थानिकांची व्यक्तिचित्रे करावीत आणि नाव कमवावे, हा त्या काळचा राजमार्ग होता. राजा रविवर्मा त्याच मार्गावरून दिगंत कीर्ती मिळवीत होते. आबालाल १८८८ च्या सुमारास कोल्हापूरला परतले आणि कोल्हापूरचेच झाले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारचे चित्रकार केले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. मोने जिव्हेर्नीत राहिले ती वर्षे त्रेचाळीस, आणि आबालाल कोल्हापुरात राहिले तीही जवळजवळ तितकीच. योगायोगाला फारसा अर्थ नसतो, हे आम्ही जाणतो.

दरबारासाठी त्यांनी जे केले त्याबद्दल आम्हांला फारसे सांगावयाचे नाही. त्या कामात शाळेची शिस्त आहे, हात पक्का आहे, आणि मन थोडे बाहेर आहे. ते मन कोठे होते हे कोटितीर्थाची चित्रे पाहिली म्हणजे कळते. कोटितीर्थ हे कोल्हापूरच्या पूर्वेकडचे तळे. काठाला महादेवाचे देऊळ, आणि शेजारी १९०६ मध्ये महाराजांनी स्थापन केलेली शाहू मिल. आबालालांचे जगणे ह्या तळ्याभोवती, रंकाळ्याच्या कडेने आणि पंचगंगेच्या घाटावर फिरले. ते रंग घरीच पाला आणि माती ह्यांपासून बनवीत असे सांगतात. पैशाची ओढगस्त नेहमीचीच. चित्रांत काय आहे? पाणी, पलीकडचा काठ, त्यावर झाडांचे पुंजके, कधी देवळाचा आकार, आणि ह्या सर्वांवर एका विशिष्ट घटकेचा उजेड. प्रसंग नाही. पुराणकथा नाही. रविवर्म्याच्या शकुंतला आणि दमयंती ज्या काळात घरोघर भिंतींवर चढत होत्या, त्या काळात एक माणूस रोज एका तळ्यावर जाऊन बसतो आणि विषय म्हणून फक्त ते तळे घेतो, ही गोष्ट त्याच्या समकालीनांना किती चमत्कारिक वाटली असेल, ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे.

ह्या उजेडाच्या निराळेपणाकडे टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. जिव्हेर्नी उत्तरेस सुमारे ४९ अक्षांशांवर आहे, कोल्हापूर १७ च्या अलीकडे. उत्तरेकडचा सूर्य तिरका घसरत मावळतो, आमच्याकडचा जवळजवळ उभा खाली उतरतो. कोल्हापुरात सूर्यबिंब बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झाडाझाडांतला फरक कळेनासा होतो. जिव्हेर्नीत उन्हाळ्यात ह्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. शिवाय तेथे नदीवरचे दमट धुके उजेडाला गाळून घेते, त्यामुळे दिवसभर रंग जिवंत राहतात. आमच्याकडे पावसाळा सोडला तर दहाच्या पुढे रंग विझतात. माथ्यावरच्या उन्हात हिरवे झाड पांढुरके होते आणि त्याच्या बुंध्याशी काळी सावली पडते. रंगाचा दिवस आमच्याकडे दोनच तुकड्यांचा, सकाळचा थोडा आणि संध्याकाळचा त्याहून थोडा. ह्या प्रदेशात सात मिनिटांचा नियम लावून पाहा! सात मिनिटांत येथे संध्याकाळचा तिसरा हिस्सा निघून जातो, आणि ज्या पानावर ऊन होते ते पान दिसतही नाही.

तेव्हा मोने ह्यांची रीत आबालालांना माहीत असती तरी तिचा त्यांना उपयोग झाला नसता. समोरचा उजेड कॅनव्हासवर घेईपर्यंत तो जाणार, हे गृहीत धरूनच त्यांना काम करावे लागले. अशा वेळी हाताला आधार लागतो तो सवयीचा. कालची, परवाची, गेल्या वर्षीची संध्याकाळ डोळ्यांत साठलेली असावी लागते, आणि समोरची संध्याकाळ केवळ खूण म्हणून घ्यावी लागते. आबालालांच्या चित्रांतले झाड पाहताना आम्हांला हेच जाणवत राहिले, की ते एका दिवसाचे झाड नाही. त्याच्या काळोख्या पुंजक्यात तपशील नाहीत, पण ते कोणत्या जातीचे झाड आहे ह्याचा भार आहे. पाने मोजलेली नाहीत, तरी पानांतून मावळतीचा उजेड किती झिरपेल ह्याचा अंदाज चुकलेला नाही. मोने ह्यांचे झाड आत्ताचे असते. पुढच्या क्षणी ते दुसरे झाड होईल, असे ते सांगते. आबालालांचे झाड पुष्कळ संध्याकाळी मुरून तयार झालेले असते. दोन्ही रीती खऱ्या. पण ह्या दोन गोष्टींना एकच नाव देणे म्हणजे ताज्या दुधाला आणि दह्याला एकच नाव देण्यासारखे आहे.

त्यांच्या कुंचल्याविषयीही असेच. लहान लहान तुटक फटकाऱ्यांनी रंग शेजारी शेजारी ठेवण्याची त्यांची पद्धत पाहून टीकाकारांना दृक्प्रत्ययवाद आठवतो, कोणाला त्याही पुढची ठिपक्यांची पद्धत आठवते. परदेशी चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती, हे ध्यानात घेता ती पद्धत त्यांना कोठून सुचली असावी? आमचा तर्क आम्ही तर्क म्हणूनच मांडतो. ज्या घरात बोरूने अक्षर काढण्याचा संस्कार आहे, त्या घरातल्या मुलाच्या हाताला सुटा, आखूड आणि निश्चित असा फटकारा सहज येतो. बोरू कागदावर टेकला की रेष खोडता येत नाही. ती टेकवावयाची आणि उचलावयाची. आबालालांचा कुंचला असाच टेकतो आणि उठतो. त्यात चोळामोळा नाही. जे. जे. कलाशाळेने शिकविलेली गुळगुळीत छटा त्यांनी सोडली, तेव्हा ते पॅरिसला गेले नाहीत, आपल्या घरी परतले, असे आम्हांला म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्रात उजेडाचे प्रेम नव्हते असे नाही. पण ते बहुधा चमत्काराचे प्रेम होते. हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' ह्या जलरंगातल्या चित्रापुढे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक थक्क होऊन उभे राहतात. हाताआडच्या दिव्याचा उजेड बोटांतून पाझरतो, चेहऱ्यावर पडतो, लुगड्यावर उतरतो. कौशल्य अपूर्व आहे ह्यात शंका नाही. पण तो उजेड थांबलेला आहे. दिवा विझेपर्यंत तो तसाच राहणार. कोटितीर्थावरचा उजेड जात असतो, आणि जाणारी वस्तू पकडून आणल्याचा आनंद आबालाल आपल्याला देत नाहीत. म्हणूनच की काय, त्यांच्या चित्रांपुढे गर्दी होत नाही.

दृक्प्रत्ययवाद पद्धत म्हणून आमच्याकडे आला तो पुष्कळ नंतर. १९३० नंतरच्या दशकात जे. जे. त जेरार्ड आले, नाझींच्या छळामुळे ऑस्ट्रिया सोडून लँगहॅमर मुंबईस आले, आणि तरुण चित्रकारांच्या रंगात एकाएकी ऊन पडले. त्याही आधी इंदूरला, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलखात, द. दा. देवळालीकर आपल्या विद्यार्थ्यांना सावलीतही रंग असतो हे शिकवीत होते. बेंद्रे, चिंचाळकर, डी. जे. जोशी त्यांच्याच हाताखालचे. हुसेनही काही काळ तेथे होते. बेंद्र्यांनी उत्तर वयात ठिपक्यांनी रंगविलेली निसर्गचित्रे फार देखणी आहेत. तरीही आमच्या मनात एक किंतु राहतो. काश्मीर, चीन, अमेरिका, बडोदे, मुंबई असा प्रवास करणाऱ्या त्या समर्थ चित्रकाराला प्रत्येक ठिकाणचा उजेड चटकन साधला, आणि कोणत्याही एका उजेडाने त्यांना बांधून ठेवले नाही. हा दोष म्हणावा का? आमच्या वाचकांपुढे हा प्रश्न टाकताना आम्हांला थोडा संकोच वाटतो, कारण बदलीचा हुकूम हातात पडला की तीन वर्षांत गाव सोडणारी आपण सारी मंडळी.

आबालालांची जी हकीकत सर्वांत अधिक सांगितली जाते, तिच्याविषयी आता लिहावयास हवे. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली शेकडो चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. स्वामिभक्तीची कथा म्हणून ती फार प्रिय झाली आहे. हातात उरलेली चित्रे थोडी आहेत, एवढे खरे. पण ह्या कथेकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे. १९०८ मध्ये, प्रदर्शन तोंडावर आलेले असताना, मोने ह्यांनी आपल्या कमळतळ्याची किमान पंधरा चित्रे स्वतःच्या हाताने नष्ट केली. तेथे कोणी राजा वारला नव्हता. ज्या वस्तूकडे वर्षानुवर्षे पाहिले ती वस्तू फलकावर आलीच नाही, एवढेच त्यांना वाटले होते. आबालालांची कथा खरी असेल तर तिच्यात महाराजांच्या वियोगाबरोबर ह्या दुसऱ्या दुःखाचाही वाटा असेल काय? चित्रे त्यांनी जाळली असे कोणी सांगत नाही. ज्या पाण्यापासून घेतली त्या पाण्याला ती परत दिली, असेच लोक सांगतात, आणि लोकांनी कथा रचली असली तरी रचणाराला चित्रकार कळला होता.

ज्या १९३१ साली आबालाल गेले त्याच साली फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे उद्‌घाटन झाले. आज ज्या झाडांखालून आपण कचेरीत जातो ती त्या वेळी रोपे होती, किंवा नुकतीच वाढीला लागली होती. आखणाऱ्यांनी रस्त्यागणिक एकेक जात ठरवून लावली: लोदी रोडवर कडुनिंब, अकबर रोडवर चिंच, जनपथावर अर्जुनसादडा, आणि राजपथावर, ज्याला २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात, त्यावर जांभूळ. मराठी मनुष्य येथे नवा आला की पहिल्या मार्चमध्ये गोंधळतो. आपल्याकडे थंडी सरता सरता झाडे झडतात. येथे कडुनिंब वसंतात पाने टाकतो, आणि लगेच तांबूस पालवीने भरतो. इकडे ज्याला पिलखन म्हणतात तो वृक्ष तर आठ-दहा दिवसांत रिकामा होऊन तांब्याच्या रंगाने पेटतो, आणि पुढच्या आठवड्यात काही झालेच नाही अशा थाटात हिरवा होऊन उभा राहतो. दौऱ्यावरून परत येईपर्यंत हा सोहळा आटोपलेला असतो. सावरीचा लाल बहर, मग बहाव्याची पिवळी झुंबरे, हे सर्व मोटारीच्या काचेतून दिसतेच. पण ज्याला आम्ही पाहणे म्हणतो ते असे होत नाही. हिवाळ्यातल्या धुरक्याचे तर काय सांगावे! १८९९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोने मुद्दाम लंडनला जाऊन तेथल्या धुक्याची चित्रे करीत, आणि त्या धुक्यात कोळशाचा धूर किती होता हे आज आपण जाणतो. नोव्हेंबरातल्या सकाळी इंडिया गेटवर तसा रंग दिसतो, आणि तो सुंदर आहे असे म्हणावयास जीभ रेटत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर अशा सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधावयाच्या होत्या, आणि त्यासाठी हजारो झाडे तोडावी लागणार होती. काही ठिकाणी ती पडलीही होती. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. पुढे आराखड्यांचा फेरविचार झाला. त्या वसाहतींत किती मराठी कुटुंबांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे काढली असतील! क्वार्टर सुटले तेव्हा कोणी दारातला झोपाळा नेला, कोणी कुंड्या नेल्या; दारातले जांभळाचे झाड नेता येत नव्हते, आणि नवा रहिवासी त्याला पाणी घालील अशा भरवशावर ते सोडले गेले. त्या झाडांची चित्रे कोणी केली असतील असे आम्हांला वाटत नाही. कोणी केलीच असतील तर एखाद्या शाळकरी मुलीने, सुट्टीच्या गृहपाठासाठी, आणि ती वही अडगळीत गेली असेल.

आबालाल पाहावयाचे तर अजूनही कोल्हापूरलाच जावे लागते, आणि ते योग्यच आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी ह्या कोल्हापूरकरांच्या शेजारी त्यांची चित्रे आहेत. ह्याच गावाने पुढे बाबूरावांच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडविला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणली. जाणारा उजेड धरून ठेवण्याची ही दुसरी तऱ्हा, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जे वाचक रजेवर तिकडे जाणार असतील त्यांना आमची विनंती एवढीच, की संग्रहालयात शिरण्याआधी एक संध्याकाळ कोटितीर्थावर काढावी. आता चहूबाजूंनी वस्ती आहे, आबालालांच्या वेळची निवांतता उरलेली नाही. तरी सूर्य गेल्यावर काठची झाडे काळी पडतात आणि पाणी मात्र काही क्षण उजळ राहते, हा क्रम तोच आहे. त्या वेळी झाडांकडे पाहू नये, पाण्यातल्या झाडांकडे पाहावे. रंग तेथे सर्वांत शेवटी मावळतो. मग दुसऱ्या दिवशी चित्रे पाहावीत. आम्ही नेमके उलट केले. आधी चित्रे पाहिली, संध्याकाळी तळ्यावर गेलो, आणि पाण्याकडे पाहताना एका चित्रातल्या काळ्या पुंजक्याच्या कडेला लावलेला गंजाच्या रंगाचा लहानसा फटकारा कशासाठी होता ते ध्यानात आले. तो खरोखर तेथेच होता की आम्हांला तसा भास झाला, हे पुन्हा जाऊन ताडून पाहावयाचे होते. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि रजा संपली होती.